निवडुंगाच्या माळावर कारागीर घडवणारे लक्ष्मणराव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप समितीच्या चिटणीसांनी दिला तेव्हा मी आपल्या पंपहाऊससमोरच उभा होतो. सी विंगमधला चौथीतला एक मुलगा पंपावरच्या पट्टीवरची अक्षरे बोटाने गिरवत होता. किर्लोस्कर हे कशाचे नाव, असे त्याने मला विचारले. गावाचे, की माणसाचे, की पंपाचे? मी म्हटले, तिन्हीचे. त्याला ते काही पटले नाही. त्याला नीट सांगायचे राहून गेले, म्हणून हा लेख. मोठ्यांनी वाचून मुलांना सांगावा, ही विनंती.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकांची आवड असलेल्या मंडळींना हे गाव ठाऊक असेल, कारण 'सौभद्र'वाले अण्णासाहेब किर्लोस्करही तिथलेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या, पाठांतर, शास्त्रचर्चा. अशा घरातल्या मुलाचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्र काढणे आणि खुडबूड करणे यांत. वडिलांच्या मनाला ते रुचले नसणार. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे नशिबाने एक टोला दिला. त्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही, हे लक्षात आले. चित्रकाराला रंग दिसू नयेत, म्हणजे गवयाला ऐकू न येण्यासारखेच झाले. त्यांनी रंगकाम सोडले आणि यंत्राची रेखाटने शिकायला घेतली. तिथे काळ्या रेघा आणि मोजमापे, रंगांचा संबंध नाही. यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक म्हणून नेमले गेले. ही संस्था १८८७ सालची, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या ज्युबिलीची. आपण आज ज्युबिलीची स्मरणिका काढतो आहोत, म्हणून सहज आठवले.

वर्गात शिकवणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. खरे शिक्षण त्यांनी घेतले ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. शिकवून झाले की यंत्रे खोलायची, जोडायची, कोणता भाग कशासाठी आहे ते बघायचे. परदेशी यांत्रिक मासिके वाचायची. त्यांच्याकडे इंजिनियरची पदवी नव्हती हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांनी माणसे निवडताना पदवी का विचारली नाही, याचे मूळ मला इथे दिसते.

मुंबईत त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकलवर जाताना पाहिले आणि त्यांच्या डोक्यात धंद्याची चक्रे फिरू लागली. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत. नुसत्या विकत नसत, तर गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवत, आणि शिकवण्याचे १५ रुपये घेत. त्या काळात ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. पण सायकल हीच मुळी शेकड्यांत किंमत असलेली वस्तू, तेव्हा घेणारेही तसेच असत. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून धरतात तो या सायकलींमुळे. गंमत बघा, या घराण्याचा पहिला धंदाच मुळी वस्तूबरोबर ती वापरण्याची विद्या देण्याचा होता.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. बढती हुकल्याचे दुःख आम्हा नोकरदारांना चांगले माहीत आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी ते मुकाट गिळले आणि प्रॉव्हिडंट फंडाकडे बघत दिवस काढले. असो.

बेळगावात लहानसे वर्कशॉप निघाले. आधी कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर माती वरवर उकरतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या खाली तशाच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पालथे घालतो. पण शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीला विष बाधते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! माल तयार, पैसे अडकलेले आणि गिऱ्हाईक नाही.

शेतकऱ्यांना नुसते अडाणी म्हणून हसू नये. त्यांच्या शंकेला व्यवहाराचीही बाजू असणार, असे मला वाटते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी, फाळ लोहार शेवटून देई, आणि दोघांना सुगीत बलुते मिळे. रोख पैशाचा प्रश्न नव्हता. लोखंडी नांगराचा ओतीव फाळ झिजला तर बेळगावला जायचे? नट कोण आवळणार, तर पान्हा कुणाकडे आहे? शिवाय ओतकामात एक मेख असते. बीड फार मऊ उतरले तर फाळ खडकाळ रानात झिजून जातो, आणि फार कडक उतरले तर दगडावर आपटून तुटतो. या दोहोंच्या मधला मेळ भट्टीसमोर उभे राहून, चुका करत, माल फुकट घालवत शिकावा लागतो. तो लक्ष्मणरावांना स्वतःला शिकावा लागला आणि मग शिकवावाही लागला.

धंदा जरा मार्गाला लागतो आहे तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. तिथे नवी वस्ती व्हायची होती. कर्ज डोक्यावर, यंत्रे उघड्यावर यायची वेळ. अशा वेळी धावून आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधातल्या बांधकामाच्या निमित्ताने त्यांचा लक्ष्मणरावांशी परिचय होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे कामाला आरंभ झाला. पुढे त्या स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज गाडीने जाणाऱ्यांनी ते पाहिले असेल.

जमीन कसली होती? निवडुंग, दगड आणि सापकिरडू. पाण्याचे हाल. जवळपास शहर नाही, बाजार नाही, वाकबगार कामगार तर नाहीच नाही. मी बँकेत पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचले. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर खरे सांगतो, मी त्यावर नामंजुरीची शिफारस केली असती. जागा गैरसोयीची, मालाला मागणी अनिश्चित, मागचे कर्ज थकलेले आणि प्रमुख माणसांची शैक्षणिक पात्रता, असा रकाना असतो ना, त्यात लिहायला फारसे काही नाही.

ती प्रमुख माणसे कोण, ते बघा. रामूअण्णा, ज्यांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. शंभोराव जांभेकर यंत्रांत मुरलेले. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनी बघणारे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. अनंतराव फळणीकर हे तर शाळेतल्या परीक्षेत नापास झालेले, पण कारखान्यात कल्पक इंजिनियर म्हणून नाव कमावलेले. आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले. ज्यांच्यापासून इतर लोक कड्याकुलपे जपत, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण दिली. त्या दोघांनी ती चोख केली. माणूस मुळात चांगला असतो, त्याला काम आणि विश्वास दिला की तो सरळ होतो, अशी लक्ष्मणरावांची धारणा होती. पटो न पटो, त्यांनी ती स्वतःच्या मालमत्तेवर अजमावून पाहिली.

कामगार मिळवायचे कुठून? आजूबाजूच्या खेड्यांतले, शेतावर राबणारे. त्यांनी लेथ कधी पाहिलेला नाही, मापाची पट्टी हातात धरलेली नाही. आपल्याकडे हातातली कला बापाकडून मुलाकडे जायची. सुताराच्या मुलाने लाकूड, लोहाराच्या मुलाने ऐरण आणि ब्राह्मणाच्या मुलाने पोथी. लोहाराघरी जन्म न घेतलेल्याने तापलेल्या लोखंडाला हात लावायचा नाही, असा कायदा नव्हता, पण रीत तीच होती. कारखान्याला ही रीत परवडत नाही. तिथे मोल्डर हवा, फिटर हवा, टर्नर हवा, लाकडी पॅटर्न करणारा हवा, आणि तो कोणत्या घरात जन्मला याच्याशी साच्यातल्या वाळूला देणेघेणे नसते. वेदान्त्याचा मुलगा स्वतःच हात काळे करून उभा, म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडकच त्यांनी घातला. १९१० नंतरच्या त्या काळात, खेड्यात, हे बोलणे सोपे नव्हते आणि करणे त्याहून नाही.

आता ओतकाम शिकणे म्हणजे काय, हे ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मी पाहिली ती कर्जाच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा. वस्तूचा लाकडी नमुना करतात. तो पेटीत ठेवून भोवती ओलसर वाळू ठोकून बसवतात. मग नमुना अलगद काढतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. ऐकायला सोपे. पण वाळूत ओल जास्त झाली तर वाफ कोंडते आणि वस्तूत भोके पडतात. ओल कमी झाली तर साचा ढासळतो. जास्त ठोकली तर हवा निघत नाही, कमी ठोकली तर फुगवटा येतो. बरोबर ओल किती, तर अनुभवी मोल्डर मूठभर वाळू दाबून, मोडून बघतो आणि सांगतो. ही मूठ कुठल्याही पुस्तकात छापता येत नाही. ती जुन्या माणसाच्या शेजारी वर्ष-दोन वर्षे उभे राहूनच येते. याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे, उमेदवारी. शिकाऊ म्हटले की कमीपणा वाटतो. उमेदवारी म्हटले की त्यात उमेद आहे.

उमेदवारीचा खर्च मात्र कुणीतरी सोसावा लागतो. शिकणारा पहिल्या सहा महिन्यांत जेवढे करतो त्याहून जास्त बिघडवतो. बिघडलेले बीड पुन्हा वितळवता येते, पण कोळसा गेला, वेळ गेला, शिकवणाऱ्याचा दिवस गेला. आणि शिकून तयार झाल्यावर तो दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले तर जाणार. हे सगळे लक्ष्मणरावांनी सोसले. त्यांना दुसरा मार्गच नव्हता, असेही कुणी म्हणेल. माळावर कारखाना काढला की तयार कामगार विकत मिळत नाही, तो करावाच लागतो. मला वाटते दोन्ही खरे आहे. गरज होतीच, पण गरज तर पुष्कळांना असते. त्यांना स्वतःला शिकवण्याची हौस होती, आणि ड्रॉइंग मास्तर त्यांच्यातून कधी गेलाच नाही.

पहिल्या महायुद्धात कच्चा माल मिळेनासा झाला. लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याचीच टंचाई. त्या अडचणीतूनही कारखाना टिकला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघाली, पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली. आपल्या मालाची माहिती देण्याच्या निमित्ताने निघालेल्या या पत्रिकेचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' ही आली. आमच्या आईच्या उशाशी 'स्त्री'चा अंक असायचा. नांगराच्या कारखान्यातून मराठी बायकांचे मासिक निघावे, ही गोष्ट तेव्हा आम्हाला विशेष वाटली नाही. आता वाटते.

नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, मग यंत्रावर चालणारे पंप. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला जाऊन इंजिनियर होऊन आले. म्हणजे बघा, पदवीला लक्ष्मणरावांचा विरोध नव्हता. मुलाला त्यांनी जगातल्या नामांकित संस्थेत शिकवले आणि शाळेत नापास झालेल्यालाही कारखान्यात मानाची जागा दिली. दोन्ही एकाच माळावर कामाला आले. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारा कारखाना निघाला, तिथे लेथ तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटारी. ही कामगिरी मुख्यतः पुढच्या पिढीची, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी लांबवत नाही.

एक प्रसंग मात्र टाळता येत नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जमावाने पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. चाळीस वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळताना पाहणे काय असेल, याची कल्पना करवत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती आणि यंत्रे जळाली होती, पण मोल्डरच्या मुठीतली वाळू काही जळत नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. माझ्या धाकट्या भावाच्या संग्रहात ते आहे.

आता थोडे माझ्याविषयी, कारण विषयाला धरून आहे. मी एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत असताना एका लहान वर्कशॉपच्या मालकाने संगणकावर चालणाऱ्या लेथसाठी कर्ज मागितले. कागदपत्रे चोख, तारण पुरेसे, ऑर्डर हातात. मी कर्ज मंजूर केले. सहा महिन्यांनी पाहणीला गेलो तर यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण तसेच. चालवणारा माणूस आला आणि दोन महिन्यांत मोठ्या कारखान्यात गेला. दुसरा मिळेना. मालकाचा पुतण्या शिकायला तयार होता, पण त्याला वर्षभर शिकवायचे, त्याचा पगार द्यायचा, बिघडलेला माल सोसायचा, याला पैसा कुठून आणणार? त्यासाठी कर्ज देता येईल का, असे मालकाने मला विचारले. आमच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. यंत्राला तारण ठेवता येते, माणसाच्या हातातल्या कलेला नाही. मी नियम सांगितला आणि चहा पिऊन परत आलो. पुढे ते यंत्र विकून कर्ज फिटले. बँकेच्या दृष्टीने खाते उत्तम बंद झाले. मला ते खाते अजून आठवते.

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. आता तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस माणसे असतील तर ऐच्छिक आहे. २०१६ पासूनच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते. म्हणजे माझ्या त्या मालकाला आज थोडा तरी हातभार मिळाला असता. आपल्या सोसायटीत ज्यांचे छोटे कारखाने आहेत, निदान तिघे-चौघे तरी आहेत, त्यांनी याची जरूर चौकशी करावी. आणि ज्या घरात मुलाला दहावी-बारावीला कमी मार्क पडले म्हणून सुतक पाळले गेले, त्या घरांनीही. अनंतराव फळणीकरांची गोष्ट त्यांच्यासाठीच वर सांगितली आहे.

लेख लिहून झाला त्या दिवशी मी मोटार रिवायंडिंगवाल्या काकांकडे गेलो होतो. आपल्या पंपाची मोटार गेली अठरा वर्षे तेच भरून देतात. वय सत्तरीला आले, नजर कमी झाली आहे. तरी तांब्याच्या तारेची जाडी ते चिमटीत धरून ओळखतात. दुकानात ते एकटेच. पोरे येतात, आठवडाभर थांबतात आणि मोबाईल दुरुस्तीकडे जातात, असे ते म्हणाले. चारपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी सरकारची ती योजना पोचतच नाही. सोसायटीच्या देखभाल निधीतून वर्षभर एखाद्या होतकरू मुलाला त्यांच्या हाताखाली ठेवता येईल का, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. ऑडिटर कोणत्या रकान्यात टाकायचे ते विचारतीलच. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय येईल, तेव्हा मंडळींनी कृपया वेळेवर हजर राहावे. आणि सी विंगमधल्या त्या मुलालाही बरोबर आणावे.